सातावर गजी होत नाही

माणूस बोलायला शिकला त्याच्या कितीतरी आधी तो नाचायला शिकला, आणि ज्या दिवशी तो नाचायचं विसरेल त्या दिवशी तो माणूस उरणार नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं ते आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर. त्याच्या खाली, त्याच टायपात छापलं होतं : 'पालकांनी सायकली कुंपणाच्या तारेला टेकवू नयेत.'

वाक्य हेडमास्तरांचं होतं. सायकलींची सूचनाही त्यांचीच. दोन्हींपैकी सूचनेबद्दल ते जास्त गंभीर असावेत, कारण तार नवी होती.

नव्वदच्या दशकाच्या मधलं वर्ष, मी सातवीत. शाळा लासुर्ण्यापासून आत, कालव्याच्या भरावाखाली होती. बारामती-इंदापूर रस्त्यावरून तिकडे एक कच्चा रस्ता फुटायचा. हंगामात त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर टेप. त्यामुळे आमच्या तालमी एका गाण्यावर सुरू व्हायच्या आणि तीन गाण्यांवर संपायच्या.

संमेलनाची जबाबदारी नव्या बाईंवर होती. बाई शहरातून आलेल्या, उत्साही आणि मनाने फार चांगल्या. त्यांच्याकडे एक वही होती. वहीत प्रत्येक नाचाला एक पान आणि प्रत्येक पानावर वर लाल शाईत 'वेळ : चार मिनिटे'. लेझीम, डोक्यावर मडकी घेऊन राजस्थानी, नववीच्या पोरांचा डिस्को, हेडमास्तरांच्या बारामतीच्या भाचीचं भरतनाट्यम, मुलींचं कोळीनृत्य आणि मुलांचं धनगरी नृत्य. अख्खा भारत आणि परदेशाचा थोडा भाग, सगळ्यांना चार चार मिनिटं. सरकारलाही इतकी समान वाटणी कधी जमली नसेल.

मी कोळीनृत्यात होते. आमच्यातल्या कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. बाई "लाटा आल्या, लाटा आल्या" म्हणाल्या की आम्ही दहा जणी कालव्याला आवर्तन सुटल्यासारख्या एकाच दिशेला वाहायचो. "अगं, लाट परत मागे जाते!" बाई ओरडायच्या. आम्हाला ते पटायचं नाही. आमच्याकडे आलेलं पाणी कधी परत गेलेलं नव्हतं.

धनगरी नृत्याची अडचण वेगळीच होती. त्या नाचात एकही धनगर नव्हता. असणार कुठून? ज्यांच्या घरी अजून मेंढरं होती ती पोरं दिवाळी झाली की आईबापांबरोबर वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा बिऱ्हाडाचा तळ, घेऊन कोकणात जायची, ती पावसाच्या तोंडावर परत. हजेरीला त्यांची नावं पुकारली की सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "कोकणात!" गुरुजी पुढच्या नावाकडे जायचे. म्हणजे आमच्या वर्गातली ज्यांनी खरोखर समुद्र पाहिला होता ती पोरंही त्या वेळी कोकणातच होती, आणि आम्ही इथे लाटा करत होतो.

तेव्हा बाईंनी धनगर म्हणून निवडले ते किराणा दुकानदाराचा मुलगा, गुरुजींचे दोघं, पोलीसपाटलांचा धाकटा, असे आठ. मेंढरांशी संबंध असलेलं घर वर्गात एकच उरलं होतं, आमचं. आमची मेंढरं आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, तरुणपणीच गेली. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि मेंढरं चारायला मोकळं रान राहिलं नाही. मेंढरं गेली, पण ढोल राहिला.

आबांचा ढोल पडवीत आढ्याला टांगलेला असायचा. जत्रेला, लग्नाला, पाऊस लांबला तर देवासमोर तो खाली उतरायचा आणि मग गजी व्हायची. गजी म्हणजे गोल धरून केलेला पुरुषांचा नाच. मधे ढोल आणि झांजा, भोवती पांढऱ्या धोतरातले, फेट्यातले आठ जण, प्रत्येकाच्या हातात रंगीत रुमाल. सुरुवात इतकी सावकाश की नवख्याला वाटावं, अजून सुरूच झालेली नाही. एक चाल कपाशी वेचल्यासारखी, एक वाट चालल्यासारखी, एक खाली बसून उठायची. एक फेरा पुरा झाला की आबा ढोलावर एक मोठा ठोका टाकायचे. त्या ठोक्याला चाल बदलायची. कुणाला आत यायचं असेल तर त्या ठोक्याला, बाहेर पडायचं असेल तरी त्याच ठोक्याला. मधेच कुणी शिरत नाही, मधेच कुणी उठत नाही. आणि नाच समोरासमोरच्या जोड्यांचा, म्हणून माणसं सम लागतात.

बायका हे सगळं कडेला बसून बघायच्या. मीही बघायची. बघता बघता परकराच्या आत पाय हलायचे. सहावीपर्यंत मला सगळ्या चाली येत होत्या. हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि गोठ्यातल्या म्हशीला. म्हैस शांतपणे रवंथ करत बघायची. इतका समंजस प्रेक्षक मला पुढे मिळाला नाही.

मला त्या गोलात शिरायचं होतं. बस, एवढंच. एकदा, एक फेरा, आबांच्या ढोलावर. पण ही गोष्ट बोलून दाखवायची नसते हे आमच्या घरात मुलींना कुणी न शिकवता कळायचं.

बाईंनी धनगरी नृत्य शिकवायला आबांना बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी होईल. आबा आले ते झांजवाल्या चाचांना घेऊन. चाचा गावचे टेलर. आम्हा सगळ्यांचे गणवेश त्यांनीच शिवलेले, आणि आबांबरोबर झांजा वाजवायला लागून त्यांना तीस-एक वर्षं झाली होती. आबा त्यांना "टेलर" म्हणायचे आणि चाचा आबांना "मालक", पण दोघांपैकी कुणीच कुणाचं ऐकायचं नाही.

"आबा," बाई म्हणाल्या, "मुलांना एक-दोन-तीन-चार असं मोजून शिकवा म्हणजे सोपं जाईल."

"मोजायचं कशाला बाई? मेंढरं हायत का ती?"

"बरं, साधारण किती वेळ चालतो तुमचा नाच?"

"जत्रंत व्हय? दिस कलाय लागला की धरायचा, मग घरात जेवणं निवून जात्यात."

बाईंनी वही उघडली. "आपल्याकडे चार मिनिटं आहेत."

आबांनी चाचांकडे बघितलं. "ऐकलं का टेलर? चार मिंटं. चार मिंटात तर ढोल बी तापत न्हाय."

ते खरंच होतं. ढोल वाजवायच्या आधी पाचटाचा जाळ करून त्याचं कातडं शेकावं लागायचं, नाहीतर तो बद्द बोलायचा. पण आबा आले रोज. पंधरा दिवस दुपारच्या सुट्टीत त्यांनी त्या आठ पोरांना वडाखाली फिरवलं. पोरं डावा पाय म्हटलं की उजवा टाकायची. "तुज्या बापानं तराजू धरला तसा रुमाल धरू नगं," आबा दुकानदाराच्या पोराला म्हणायचे, "ढिला सोड, ढिला. तुज्या घरचं काय सांडत न्हाय." आमची कोळीनृत्याची तालीम पलीकडेच असायची. मी लाटा करत करत वडाकडे बघायची. पोरं चुकली की माझ्या पायांना कळायचं. दोनदा आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक.

बाईंच्या मनात धनगराचं एक चित्र होतं आणि ते पुस्तकातलं होतं. प्रत्येकाच्या खांद्यावर घोंगडी हवी. "नाचताना घोंगडी कोण घेतंय बाई, उकडून मराय?" असं आबांनी विचारलं, पण घोंगड्या आल्या. शिवाय एकाच्या खांद्यावर जिवंत कोकरू हवं. आता कोकरू आणायचं कुठून, सगळी मेंढरं तर कोकणात. शेवटी चाचांच्या घरचं शेळीचं करडू ठरलं.

"लांबून कळणार नाही," बाई म्हणाल्या.

आमच्या गावात शेळी आणि मेंढी लांबून न कळणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. पण बाईंचं मन कुणाला मोडवेना.

संमेलनाच्या दिवशी कार्यक्रम चारला होता. बारामतीहून ड्रेपरीवाल्याकडचे भाड्याचे कपडे आले होते. कोळणींची हिरवी लुगडी, प्लॅस्टिकचे मासे चिकटवलेल्या टोपल्या, राजस्थानी मडकी. सातवीच्या वर्गात रंगरंगोटी चालली होती. बाईंकडे गुलाबी रंगाची एकच डबी होती, त्यामुळे कोळणी, राजस्थानी स्त्रिया आणि धनगर यांचे गाल त्या दिवशी एकाच गुलाबी रंगाचे होते. मैदानावर बाकं जोडून, वर फळ्या टाकून स्टेज केलं होतं. समोर सतरंज्या, सतरंज्यांच्या पुढे पाहुण्यांसाठी दोन सोफे. हे सोफे गावात कुणाच्याही लग्नात दिसायचे. आणि कुंपणाला तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकली टेकलेल्या.

पाहुणे इंदापूरहून येणार होते. कोणत्या पदावर होते ते मी सांगत नाही. ते पद आता नाही आणि पाहुणेही नाहीत. चार वाजता माईकवरच्या सरांनी सांगितलं, "पाहुणे इंदापुरातून निघालेले आहेत." साडेचारला परत सांगितलं, निघालेले आहेत. पाच वाजताही ते निघालेलेच होते. इंदापूर आमच्यापासून एसटीने तासाभराच्या आत. त्या दिवशी ते कुठेतरी सोलापूरच्या पलीकडे सरकलं असावं.

आता पेच असा की दीपप्रज्वलन पाहुण्यांच्या हस्ते, आणि दीप लागल्याशिवाय कार्यक्रम सुरू झाला असं म्हणता येत नाही. पण लोक उठायला लागले होते, धारा काढायची वेळ होत आली होती. मग हेडमास्तरांनी तोडगा काढला. एखादा नाच आधी, अनौपचारिक म्हणून, करायचा. कोणता? भरतनाट्यम पाहुण्यांसाठी राखलेलं. लेझीम स्वागताला. राजस्थानी बघण्यासारखं. दहा कोळणींपैकी निम्म्यांची लुगडी अजून नेसवायची होती. डिस्को पाहुण्यांसमोर करावा की नाही यावर मतभेद, पण त्यांच्यामागे नक्कीच करू नये असं पोरांचं म्हणणं. गेला तरी चालेल असा एकच नाच उरला.

"धनगरी घ्या," हेडमास्तर म्हणाले.

वर्गाच्या दारात पोरं रांगेत उभी राहिली. पहिल्याच्या खांद्यावर करडू. करडाने इतक्या गर्दीकडे एकदा बघितलं आणि त्या पोराच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या सदऱ्यावर, मानेपासून कमरेपर्यंत, मुतून टाकलं. पोरगं भोकाड पसरून जे पळालं ते थेट घरी. करडू त्याच्या मागे.

सात राहिले.

आबा ढोल शेकून आले होते. त्यांनी पोरांकडे बघितलं आणि ढोल खाली ठेवला. "जोडी फुटली. सातावर गजी व्हत न्हाय."

"आबा, आता वेळ नाहीये," बाई काकुळतीला आल्या. "सात जण नाचतील, कुणाला कळणार नाही."

"ढोलाला कळंल की."

मी लुगडं नेसून, टोपली घेऊन दारातच उभी होते. तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. "मला येतं," मी म्हणाले.

बाई वळल्या. "तुला? सगळं?"

"सगळं."

आबा माझ्याकडे बघत राहिले. गुलाबी गालांची, प्लॅस्टिकच्या माशांची मी. चाचा झांजांकडे बघत राहिले.

"ह्यात पोरी नाचत न्हायत," आबा म्हणाले. रागाने नाही. पाणी सुटलं का, असं कुणी विचारलं तर सांगतात तसं.

"आबा, शाळेत चालतं," बाई म्हणाल्या.

"शाळंला चालत आसंल. ढोलाला चालाय पायजे."

ढोलाला चालले ते पी.टी.चे सर. सर धडधाकट, मिशीवाले, गळ्यात शिट्टी. त्यांना एकही चाल येत नव्हती. त्यांनी पँटीवरच घोंगडी घेतली आणि आठवे म्हणून उभे राहिले. मी बाजूला सरकले.

गजी सुरू झाली. पोरांनी शिकवलेलं सगळं चार मिनिटांत करून टाकलं. सर "सावधान-विश्राम"च्या अंगाने काहीतरी करत होते. लोक हसत होते, पण खुशीत होते. बाईंनी घड्याळाकडे बघून हात वर केला. तेवढ्यात हेडमास्तर पलीकडून दोन्ही हात हवेत गोल गोल फिरवायला लागले. चालू ठेवा. पाहुणे निघालेले आहेत.

आबांना एवढंच पाहिजे होतं. त्यांनी डोळे मिटले. ढोल, जो पोरांसाठी पळवत ठेवला होता, तो एकदम सावकाश झाला. पोरं गोंधळली, एकमेकांवर आदळली. सर धापा टाकत मधूनच बाहेर पडले आणि सोफ्यावर जाऊन बसले. एक पोरगं बसलं, मग दुसरं. आणि मग सतरंजीवरून एक म्हातारा उठला. त्याने चपला काढल्या, बसलेल्या पोराच्या हातातला रुमाल घेतला, आणि मोठ्या ठोक्याची वाट बघून आत शिरला. मग दुसरा. हा बँकेत शिपाई होता. मग कारखान्यावरून पाळी संपवून आलेले दोघं, अंगावर अजून मळीचा वास. एकेक करत आबांच्या जुन्या मेळातली आठ माणसं जमली, पोरं सगळी कडेला बसली. फळ्या करकरायला लागल्या तसे ते कुणी न सांगता स्टेजवरून खाली उतरले आणि सोफ्यांपुढच्या मातीत गोल धरला.

अशी गजी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. खरं तर जत्रेत हीच माणसं होती, हाच ढोल होता. पण दिवस कलत होता, उसाच्या फडावरून तिरपं ऊन येत होतं, धुळीत रुमाल तेवढे दिसत होते, आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यांनी टेप बंद केले होते. आठ माणसं एकाच वेळी खाली बसायची आणि एकाच वेळी उठायची, आणि उठताना कुणाच्याही गुडघ्यांचं वय समजायचं नाही. बाईंनी वही मिटून छातीशी धरली होती. चार मिनिटांचे चाळीस झाले असतील. पाहुण्यांनी आमच्या शाळेवर केलेले उपकार मोजायचे तर हा एकच.

पण गुडघ्यांचं वय असतंच. पहिला उठलेला म्हातारा एका मोठ्या ठोक्याला बाहेर पडला, मांडी चोळत सतरंजीच्या कडेला बसला. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी होते. गोलात जागा रिकामी राहिली. रिकाम्या जागेसमोरचा बँकेतला शिपाई एकटाच रुमाल हलवत होता.

सात.

आबांनी डोळे उघडले. ढोल चालूच. त्यांनी सतरंजीवर एक नजर फिरवली, मग दुसऱ्या बाजूला, आणि मग माझ्याकडे बघितलं. बघत राहिले. आणि हनुवटीने, अगदी थोडं, आत ये म्हणाले.

म्हाताऱ्याने त्याचा रुमाल माझ्यापुढे धरला. लाल, घामाने ओला, गरम. मी माशांची टोपली खाली ठेवली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, गोलाच्या कडेला जाऊन उभी राहिले. फेरा अर्धा झाला होता. मला शिरायचं होतं ते मोठ्या ठोक्याला. मधेच कुणी शिरत नाही, हे मला म्हशीइतकंच पक्कं माहीत होतं. मी उजवा पाय उचलून थांबले. चाचा माझ्याकडे बघून हसले. पाव फेरा राहिला. त्याहून कमी राहिला.

"पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे!" माईकवरचे सर गरजले. "सर्वांनी उभं राहून स्वागत करावं! मैदान मोकळं करा, मैदान मोकळं करा!"

आबांनी ढोलावर तळवा ठेवला. आवाज तिथेच दबला. नाचणारे अर्ध्या चालीत थांबले आणि सरळ झाले, एकदम साध्या माणसांसारखे, धोतरं सावरत. पाय खाली ठेवावा लागतो हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"राह्यलेलं मागनं घिऊ," आबा सगळ्यांना म्हणाले.

मग लेझीम झालं, दीप लागला. वाऱ्याने विझला, परत लागला. शाल, श्रीफळ, हार. सत्कार पाहुण्यांचा, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा, त्यांना आणणाऱ्यांचा. भरतनाट्यम झालं आणि ते खरोखर चांगलं झालं, हे मला तेव्हा कबूल करायचं नव्हतं. मग पाहुणे स्टेजवर न चढता, सोफ्यांपुढेच माईक घेऊन बोलायला उभे राहिले. ते लोककलेवर बोलले. आपल्या मातीतल्या कला लोप पावत चालल्या आहेत, ते म्हणाले, त्या जपल्या पाहिजेत, नव्या पिढीपर्यंत पोचवल्या पाहिजेत. नवी पिढी हिरवं लुगडं नेसून वर्गाच्या पायरीवर बसली होती. पाहुणे उभे होते तिथे मातीत अजून गोल उमटलेला होता. बोलता बोलता ते पुढे-मागे करत होते आणि त्यांच्या बुटांनी तो हळूहळू पुसत होता. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ते अर्धा-पाऊण तास बोलले. अंधार पडला, वीज गेली, आणि उरलेले कार्यक्रम वेळेअभावी रद्द झाल्याचं सरांनी माईकशिवाय सांगितलं. बाई वर्गात आल्या आणि आमच्या टोपल्या गोळा करताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी गं, पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.

घरी जाताना आबांच्या पाठीवर ढोल होता आणि माझ्या हातात ढोलाचं टिपरू. चाचा फाट्यापर्यंत बरोबर होते, करडाला हाका मारत. ते गेल्यावर कालव्याच्या भरावावर आम्ही दोघंच राहिलो.

"आबा, मी शिरणार होते."

"बगितलं की."

"ठोक्याची वाट बघत होते."

"बराबर हाय. मदीच शिरत नस्त्यात."

आबा चालत राहिले. मळ्याच्या वळणावर ढोल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला आणि म्हणाले, "आजच्या दिस शिरली आस्तीस तरी चाललं आस्तं."

लाल रुमाल माझ्या मुठीतच राहिला होता. आईने तो धुतला, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली आणि दुसऱ्या दिवशी परत देऊन आली. असल्या बाबतीत आमचं घर फार चोख.

आबा त्यानंतर सहा वर्षं होते. सहा वर्षं म्हणजे बराच काळ. सहा जत्रा, आणि किती लग्नं. पहिल्या जत्रेला मी कडेला बसले आणि आबांच्या हनुवटीकडे बघत राहिले. त्या दिवशी गोलात आठ होते. दुसऱ्या वर्षीही आठ होते. मग मी मोठी झाले, इंदापूरच्या वसतिगृहात गेले, जत्रेच्या सुमाराला परीक्षा यायला लागल्या. कधी सुट्टीत घरी असताना आबा बाजेवर बसून स्टीलच्या पेल्यावर बोटांनी फेरा धरायचे. चहा घेऊन आलेली मी दारात थांबायची. पेल्यावरचा मोठा ठोका यायचा आणि जायचा. 'राहिलेलं कधी घ्यायचं?' एवढंच विचारायचं होतं. त्यांनाही बहुधा तेच विचारायचं असावं. आमच्या दोघांतही मधेच शिरायची पद्धत नव्हती. चहा निवायचा.

पुढे शहरात एका मोठ्या रंगमंचावर मी गजी पाहिली. तयारीची मंडळी होती, दिवे होते, ढोल माईकवर होता. आणि गोलात मुली होत्या, मुलग्यांच्या बरोबरीने. सुरेख नाचत होत्या. एकीचा रुमाल लाल होता. मी खुर्चीत बसून होते आणि माझा उजवा पाय जमिनीपासून किंचित वर होता, हे शेजारच्या बाईंनी "काही लागलंय का?" असं विचारलं तेव्हा मला कळलं. मला वाटलं होतं की मी मोठ्या ठोक्यापर्यंत तरी पोचेन. पण तो नाच चार मिनिटांत संपला. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकांनी लोककलेबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि पुढचा नाच आला, कोळीनृत्य. त्यांच्या लाटा परत मागे जात होत्या. बाई बरोबर होत्या.

आयुष्यात मी नाचले याचा लेखी पुरावा माझ्याकडे एकच आहे. संमेलनाची प्रमाणपत्रं बारामतीहून आठवडाभर आधीच छापून, निकाल आणि नावं घालून आली होती. ती वाया जाऊ नयेत म्हणून सोमवारी प्रार्थनेनंतर वाटण्यात आली. वर माणूस बोलायला शिकल्याचं ते वाक्य आहे, खाली हेडमास्तरांची सही आणि शाळेचा शिक्का. मधे माझं नाव, आणि 'कोळीनृत्य : उत्तेजनार्थ क्रमांक'.

कोळीनृत्य त्या दिवशी झालं नव्हतं.